आम्ही रोमला जाणार होतो

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी माझ्या नवऱ्याला घराबाहेर 'अरे' म्हणायचे आणि घरात 'अहो'. पार्ल्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. तिथे त्याला 'अहो' म्हटलं असतं तर मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं असतं. पण अंधेरीच्या घरात सासूबाई होत्या. एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत आम्ही, स्वयंपाकघरात त्या, आणि मध्ये दाराऐवजी निळ्या फुलांचा पडदा. त्यांनी कधी एका शब्दाने काही सुचवलं नव्हतं, तरी त्या पडद्याच्या अलीकडे माझ्या तोंडून 'अरे' निघतच नसे. बोलायचं ते हळू, भांडायचं ते खुणांनी, आणि हसू आलं तर उशीत तोंड खुपसायचं.

मला रोमला जायचं होतं ते यासाठी. मी शाळेत इतिहास शिकवत होते, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं, हिला ते पडके खांब आणि कमानी बघायच्या असतील. त्याही बघायच्या होत्याच. पण खरं म्हणजे मला एका टेबलाशी त्याच्यासमोर बसायचं होतं. आजूबाजूच्या एकालाही आमची भाषा कळत नसेल अशा जागी. आणि मोठ्याने म्हणायचं होतं, "अरे, मीठ दे ना इकडे."

नवरा एका विमान कंपनीत टेक्निशियन होता. सहारला दुरुस्तीसाठी विमानं आणून उभी करत, तिथे त्याची ड्यूटी. कंपनी आपल्या माणसांना वर्षातून एकदा परदेशाचा फुकट पास द्यायची, त्यांच्या बायकांना आणि आईवडलांनाही. अट एकच. तिकीट काढलेले सगळे प्रवासी बसून झाले आणि तरी विमानात जागा उरली, तर तुम्ही जायचं. नाही उरली तर बॅग उचलून घरी.

रोम ठरलं कारण तिथे राहायची सोय होती. नवऱ्याच्या हाताखाली काम शिकलेला एक मुलगा बदली होऊन तिथल्या विमानतळावर गेला होता. त्याचं बिऱ्हाड तिथे होतं. त्याची बायको मूळची मुलुंडची, नवरा कामावर आणि मुलगा शाळेत गेला की एकटीला कंटाळून गेलेली. "या हो कोणीतरी, चार दिवस तरी या," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर सांगून पाठवायची. तिनेच एका हवाई सुंदरीच्या हाती रोमचा नकाशा पाठवला. चांगला चादरीएवढा होता. आमच्या कॉटवर पसरला की बसायला जागा उरायची नाही.

चार दिवस. एवढीच रजा मला शाळेतून मिळणार होती, आणि चार दिवसच पुरे होते. नवरा ड्यूटीवरून आला, साबणाने हात खसाखसा धुतले, चहा घेतला की आम्ही नकाशा पसरायचो. तो म्हणायचा, "आज कुठून सुरुवात?" मग मी बोट ठेवायची. नदीच्या पुलावरून पलीकडे, डाव्या हाताला वळून, चौकातून सरळ. त्याचं बोट माझ्या बोटामागून यायचं आणि मध्येच भलत्याच गल्लीत शिरायचं.

"तिकडे काय आहे?" मी कुजबुजायची.

"माहीत नाही. म्हणून तर चाललोय."

जेवायची जागाही ठरली होती. मुलुंडच्या त्या मुलीने कळवलं होतं की नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत, एका चिंचोळ्या गल्लीत, छोटीशी खाणावळ आहे. टेबलं गल्लीतच मांडतात, वर द्राक्षाचा वेल आहे आणि म्हातारा मालक स्वतः वाढतो. आम्ही ठरवलं, पहिल्या दिवशी दुपारी तिथे जेवायचं, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा तिथेच. मी मनातल्या मनात त्या वेलाखाली इतक्या वेळा बसले होते की पानांतून टेबलावर पडणारी उन्हाची नक्षीसुद्धा मला पाठ झाली होती.

पास मार्चपर्यंत चालणार होता. फेब्रुवारीत नवरा एका संध्याकाळी आला आणि त्याने नकाशा काढला नाही. एकाच वेळी दोन विमानं मोठ्या कामासाठी आत घेतली होती आणि त्याच्या खात्यातल्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या.

"पास फुकट जाईल," तो म्हणाला. "तू जा. आईला घेऊन जा."

पडद्यापलीकडे पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता. मला ओरडून सांगायचं होतं की मला तुझ्या आईबरोबर रोमला जायचं नाहीये, तुझ्याबरोबर जायचंय. ते सगळं मी नुसते ओठ हलवून सांगितलं. त्याला कळलं. त्याने डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात लाटण्याचा आवाज थांबला, पडदा बाजूला झाला.

"माका कोण इचारतलो काय नाय?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्याबद्दल सांगायला हवं. त्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते आणि सासूबाई परळच्या खोलीत खाणावळ चालवायच्या. बायकामुलं गावाला ठेवून आलेले गिरणीतले पुरुष पाळ्यांप्रमाणे येऊन जेवून जायचे. एक पंगत उठली की दुसरी. सासरे गेले, तरी खाणावळ चालली. मग गिरण्या बंद पडल्या, जेवणारे एकेक करून गावी परतले, आणि आमच्या लग्नाआधीच त्या अंधेरीला मुलाकडे राहायला आल्या. इथे तिघांचा स्वयंपाक. तो त्यांचा चुटकीसरशी व्हायचा आणि मग उरलेला दिवस त्या गॅलरीत बसून वर जाणारी विमानं बघायच्या. मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून बघतात.

"तुम्हाला यायचंय?" मी विचारलं. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे.

त्या कॉटच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, "सगळो जन्म वाढण्यात गेलो गो. माका एकदा बसान खाऊचा आसा. आणि वाढणारो वळखीचो नको."

"ओळखीचा का नको?"

"वळखीच्याची दया येता. मगे उठान मदत करूक लागता."

म्हणजे आम्ही दोघी गेले कित्येक महिने पडद्याच्या दोन बाजूंना बसून जवळजवळ एकाच टेबलाचा विचार करत होतो. हे मला तेव्हा गोड वगैरे वाटलं नाही. कोणीतरी मला सरकवून माझी जागा मागतंय असं वाटलं. पण नाही म्हणायला काही कारणही नव्हतं.

तयारी सुरू झाली. पासपोर्ट-व्हिसाचं नवऱ्याने कंपनीतून करून घेतलं. माझ्या माहेरून काटे-चमचे आणले. तिथे शेवयांसारखा पदार्थ खातात आणि तो काट्याला गुंडाळून खातात, हे मी सांगितल्यावर सासूबाईंनी रविवारी शिरवाळे केले. तांदळाच्या उकडीच्या वाफाळत्या शेवया, त्यावर नारळाचा गोड रस. आणि आम्ही तिघं काटे घेऊन बसलो. शिरवाळे काट्याला धरेनात. सासूबाईंनी चिकाटीने एक लांब शेवई गुंडाळत गुंडाळत तोंडापर्यंत नेली आणि ती अगदी शेवटच्या क्षणी निसटून रसात पडली. रस त्यांच्या नाकावर. त्या हसल्या, मी हसले, आणि त्या घरात मी उशीशिवाय हसल्याची ती पहिली वेळ असावी.

मग मी त्यांना जुहूला एका बऱ्यापैकी हॉटेलात घेऊन गेले. म्हटलं, वेटरने वाढलेलं खायची सवय होऊ दे. त्या पदर सावरून, हात मांडीवर ठेवून बसल्या. वेटर आला, त्याने पाणी ओतलं, आणि त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं, "तू खंयचो रे?" तो त्यांच्या शेजारच्या गावचा निघाला. पुढचा सगळा वेळ कोणाचं लग्न झालं, कोणाची विहीर आटली, याच गप्पा. शेवटी त्याच्या हातातली जड थाळी बघून त्या अर्ध्या उठल्याच. मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

रिक्षात त्या खट्टू होऊन म्हणाल्या, "हय सगळे वळखीचेच. थंयच जाऊक होया."

त्या दिवसापासून मी मनातल्या त्या टेबलाशी समोर त्यांना बसवून बघायला लागले. जमत होतं, पण नवरा तिथून पूर्ण उठत नव्हता. नकाशावर बोट फिरवताना अजूनही मला दुसऱ्या बोटाची वाट बघायची सवय होती. आता सासूबाई शेजारी बसायच्या. त्यांचं बोट नकाशाला लागायचं नाही, त्या नुसत्या विचारायच्या, "ह्यां काय? आणि ह्यां?" मी सांगायची. बादशहा, लढाया, आखाडे. त्या ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आणि जेवूक खंय?"

जायच्या दिवशी विमान सकाळचं होतं. माझ्या अंगावर माहेरच्या शेजारणीकडून आणलेला लोकरी कोट होता, मार्चच्या मुंबईत घामाच्या धारा लागलेल्या. सासूबाई नव्या पाचवारी साडीत, पायांत मोजे, त्यावर कॅनव्हासचे बूट. नवरा ड्यूटीच्या कपड्यांतच धावत आला होता. काउंटरवरचा माणूस त्याच्या ओळखीचा. आम्ही बाजूला बाकावर बसलो आणि तिकिटं काढलेल्या माणसांची रांग बघत राहिलो. रांग संपत आली की मी उठायला बॅगेला हात घालायची, आणि मग मागून आणखी एखादं कुटुंब ढकलगाडी घेऊन धावत यायचं.

शेवटी काउंटरवरच्या माणसाने नवऱ्याला खूण केली. नवरा गेला, परत आला.

"एकच सीट आहे," तो म्हणाला. "लगेच सांगायला हवं."

अशा वेळी सासवा काय म्हणतात ते मला माहीत होतं. 'तू जा गो, तुझं वय आहे,' असं त्या म्हणतील. मग मी नको-नको म्हणेन. मग त्या आग्रह करतील. मी खरोखरच त्या वाक्याची वाट बघत होते. पण सासूबाई समोरच्या काचेच्या दाराकडे बघत होत्या. त्या दारातून माणसं आत जात होती. त्यांनी पिशवीचे बंद दोन्ही मुठींत आवळून धरले होते. मग त्यांनी मान वळवली. मुलाकडे नाही, माझ्याकडे.

"मी जाव काय गो?"

इंग्रजीचं अक्षर नाही, मुंबई आणि मालवण सोडून जग पाहिलेलं नाही, आणि ही बाई एकटी रोमला जाऊ का म्हणून मला विचारत होती. उतरल्यावर घ्यायला तो मुलगा आणि त्याची बायको येणार होते, तेवढा प्रश्न नव्हता. नवरा म्हणाला, "आई, अगं तू एकटी..." आणि थांबला. त्यालाही आईचा चेहरा दिसला असणार.

"जा," मी म्हणाले. कोट काढला आणि त्यांच्या अंगात चढवला. बाह्या लांब होत होत्या, त्या दुमडल्या. त्या वळून बघतील म्हणून मी हात वर करून उभी होते. त्यांनी वळून बघितलं नाही. दारातून गेल्यावर त्या चुकीच्या बाजूला वळल्या, कंपनीच्या एका मुलीने कोपराला धरून त्यांना फिरवलं, आणि मग त्या दिसेनाशा झाल्या.

मी माझी बॅग घेऊन रिक्षाने घरी आले. कुलूप काढलं. घरात कोणी नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच ते घर आम्हा दोघांचं झालं होतं.

संध्याकाळी नवरा आला. मी पानं वाढली. पडदा बाजूला बांधून ठेवलेला होता. आम्ही समोरासमोर बसलो आणि मी म्हणाले, "अहो, मीठ देता का?" हळूच, नेहमीच्या आवाजात. दोघंही एकदम थांबलो. मग मी मुद्दाम मोठ्याने "अरे" म्हणून बघितलं, पण ते नाटकातल्यासारखं वाटलं. तो हसला नाही. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की." आम्ही चार दिवस असेच राहिलो, त्याचा बहुतेक वेळ कामातच जात होता. शाळेतून रजा घेतलेलीच होती, दुपारी मी रिकामी बसायची आणि मनात घड्याळ मागे करून बघायची. आत्ता तिथे सकाळ. आत्ता त्या पुलावर. आत्ता जेवायला बसल्या असतील.

चौथ्या दिवशी सासूबाई आल्या नाहीत. परतीच्या विमानातही उरलेली जागाच मिळायची, आणि ती मिळेना. ऑफिसच्या फोनवर निरोप आला की आई मजेत आहेत, काळजी करू नका. चारांचे आठ दिवस झाले. शेवटी त्या आल्या तेव्हा गालांवर ऊन लागल्याची लाली होती आणि कोटाच्या बाह्या तशाच दुमडलेल्या.

मी त्यांना धड बसूही दिलं नाही. "तो मोठा आखाडा बघितलात?"

"बघलंय. पडको आसा."

"आणि नदी?"

"बारीक. आमची खाडी मोठी."

"आणि ती खाणावळ?"

तेव्हा त्या नीट बसल्या. साडीच्या निऱ्या पायांशी गोळा केल्या. मुलुंडची मुलगी त्यांना तिथे घेऊन गेली होती, पण तिला मुलाला शाळेतून आणायला जायचं होतं, म्हणून ती त्यांना टेबलाशी बसवून गेली. त्या एकट्या. म्हातारा मालक आला, काहीतरी म्हणाला. त्यांना कळलं नाही. त्यांनी मान डोलवली. तो गेला आणि एक अख्खा भाजलेला मासा घेऊन आला.

"मगे माज्या बाजूक उभो ऱ्हवलो," त्या म्हणाल्या, "आणि माशाचे काटे काढून दिल्यान माका. सगळे. एकेक. मी काय सांगतलंय तेका, मी मालवणची, माका काटे काढूक येतत म्हणान? गप ऱ्हवलंय."

त्या थोड्या पुढे सरकल्या. "जेवान झाल्यार मी ताट उचलूक गेलंय. माजो हात धरल्यान. नाय म्हणालो."

त्यांनी हात असा पुढे केला, जणू तो अजून कोणी धरला होता.

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं आणि माझ्यासाठीही आलं, कुठलं किती ते मला सांगता येणार नाही. मी विचारलं, "वर वेल होता ना? द्राक्षाचा?"

"होतो. पाना नाय होती तेका. नुसते वाळके दांडे."

बरोबरच होतं. मार्चमध्ये तिथे पानं कुठून येणार. एवढे महिने मी ज्या सावलीत बसत होते ती तिथे नव्हतीच.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला हेवा वाटत होता आणि तो त्यांना दिसत होता. "येत्या वर्सा तुमी दोगा जावा," त्या म्हणाल्या. "मी घर बघतंय."

पुढच्या वर्षी पास मिळाला तेव्हा मला पाचवा महिना होता आणि डॉक्टर नाही म्हणाले. मग मुलगी झाली. तिच्या पुढच्या वर्षी रोमच्या त्या मुलाची बदली दुसरीकडे झाली. त्यानंतर नवऱ्याला पाळ्यांचा कंटाळा आला, त्याने नोकरी सोडली आणि एका मित्राबरोबर साकीनाक्याला मशीनचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना टाकला. तो चालला, चांगला चालला. पास बंद झाले. कुठल्या एका दिवशी रोम सुटलं असं झालं नाही. दर वर्षी कारण वेगळं आणि खरं असायचं. कधी वर्गात रोमचा धडा आला की मी खडू हातात घेऊन फळ्यावर नदीचं वळण काढायची, आणि मुलींना लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्या वळणाशी रेंगाळायची.

सासूबाई मात्र रोमला परत परत जात राहिल्या. मुलीला भरवताना त्या रोमच्या गोष्टी सांगायच्या, मालवणीत. त्यात ओहोळ असायचे, पडके किल्ले असायचे, गल्लीत मांडलेली टेबलं असायची आणि एक भला म्हातारा असायचा. मुलीला वाटायचं रोम हे आजीच्या गावाच्या पलीकडचं गाव.

ती चार वर्षांची असताना मे महिन्यात आम्ही सगळे गावी निघालो. कणकवलीच्या एसटी स्टँडवर गाडी बदलायची होती. ऊन रणरणत होतं. मुलगी माझा हात सोडून चौकशीच्या खिडकीशी गेली आणि टाचा उंचावून तिने विचारलं, "रोमची गाडी कधी लागते?"

खिडकीतल्या माणसाने मान बाहेर काढली. "खंयची?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ट्रंकेवर बसावं लागलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ती गाडी हयसून सुटणा नाय गो बाय."

मुलगी रुसून माझ्याकडे आली. "आई, तू गेलीयेस रोमला?"

"नाही गं."

"का?"

आमची गाडी लागली होती. लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होते. नवरा शिडीवरून टपावर चढला होता आणि हमालाकडून आमचं सामान वर ओढून घेत होता. मुलगी उत्तराची वाट बघत उभी होती.

"राहून गेलं," मी म्हणाले.

त्या गलक्यात नवऱ्याला तेवढाच शब्द ऐकू गेला असावा. त्याने वरून वाकून विचारलं, "काय राहिलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "सगळं आलंय."